क्रिस्टोफर हिचेन्स मरण्याआधी गुपचूप ख्रिस्ती झाला होता, हे खरं आहे का?

मला तरी पटत नाही. पण ही वावडी उठली कशी ते सांगतो.

‘गॉड इज नॉट ग्रेट’ (२००७) लिहून हा ब्रिटिश-अमेरिकन पत्रकार सगळ्याच धर्मांच्या मागे हात धुऊन लागला होता. मदर तेरेसांनाही त्याने सोडलं नव्हतं. जून २०१० मध्ये अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि १५ डिसेंबर २०११ ला ह्यूस्टनमध्ये तो गेला. मग २०१६ मध्ये लॅरी टाँटन या त्याच्या ख्रिस्ती मित्राचं पुस्तक आलं. बाहेर गर्जणारा हिचेन्स खासगीत ख्रिस्ताचा गंभीरपणे विचार करत होता, असा त्याचा सूर. त्यातला एक प्रसंग मला फार आवडतो. आजारपणातच दोघं व्हर्जिनियातल्या शेनँडोआ खोऱ्यातून निघालेत. टाँटन गाडी चालवतोय आणि शेजारी हिचेन्स बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान मोठ्याने वाचतोय, मध्येच थांबून त्यावर बोलतोय.

हे घडलं असणारच. फक्त यातून धर्मांतर कसं निघतं? आपल्याकडे देव न मानणाऱ्या किती जणांना तुकारामाचे अभंग तोंडपाठ असतात! हिचेन्सने वडिलांच्या अंत्यविधीत बायबलच वाचलं होतं, पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘जे काही सत्य’ हे वचन. ‘किंग जेम्स बायबल’ या जुन्या इंग्रजी भाषांतराला ४०० वर्षं झाली तेव्हा, २०११ मध्ये, आजारी असतानाही त्याने त्या भाषेवर जीव ओवाळणारा लेख लिहिला. त्याचा सख्खा भाऊ पीटर तर उघड श्रद्धावान ख्रिस्ती. म्हणजे हा विषय घरातलाच होता.

शिवाय ही अफवा येणार हे त्याने आधीच ओळखलं होतं. २०१० च्या मुलाखतींत त्याने सांगूनच ठेवलं की, उद्या मी देवाला शरण गेलो असं कानावर आलं, तर ते औषधांनी किंवा आजाराने भ्रमिष्ट झालेल्या माणसाचं बोलणं समजा, माझं नव्हे. गंमत म्हणजे खुद्द टाँटनही ‘तो ख्रिस्ती झाला’ असं छातीठोक म्हणत नाही. ते वाचणाऱ्यांनी पुढे ढकललं. हिचेन्सच्या जवळच्या मित्रांना मात्र टाँटनचं तेवढं म्हणणंही मान्य नव्हतं.

माझे आजोबा पक्के नास्तिक. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, तेव्हा आजीने त्यांच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवलं. तेराव्याला एक लांबचे काका पंगतीत सांगत होते, “अण्णांनी शेवटी तुळस घेतली हो!” आजी वाढत होती. ती काहीच बोलली नाही, त्यांच्या पानात आणखी एक लाडू टाकून पुढे गेली.