मुंबईत राहून स्वतःसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि पर्यावरणासाठी रोजच्या कोणत्या सवयी लावाव्यात?

माझं मत विचाराल तर सुरुवात ओला-सुका कचरा वेगळा करण्यापासून. देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडतोय. भाजीची देठं, चहाचा चोथा, उरलेला भात ढिगात दबून हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. तिथल्या आगींमागे हाही वायू असतो. शिवाय खरकटं लागलेला कागद कोणी रद्दीत घेत नाही. ब्लेड, फुटकी काच मात्र जाड कागदात गुंडाळून, वर लिहून द्या. कचरा उचलणाऱ्याचे हात कापतात, आणि त्याचा विचार करणं हीच मला खरी सामाजिक सवय वाटते.

दुसरं, पाणी. नळ आला की कालचं ‘शिळं’ पाणी ओतून पिंप नव्याने भरायचं, हे अजून कित्येक घरांत चालतं. झाकून ठेवलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. प्यायला नको वाटलं तर लादी पुसा, झाडांना घाला. आपलं निम्म्याच्या आसपास पाणी शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून येतं, आणि त्याच तालुक्यातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात.

तब्येतीसाठी जिमच हवी असं नाही. स्टेशनपासून शेअर रिक्षाऐवजी चाला (फुटपाथ असेल तिथे!), दोन-तीन मजले जिन्याने चढा. खिशात कापडी पिशवी ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी भाजीवाल्याकडे त्या मिळतातच.