आयड्रॉपरने उचललेला साडीचा रंग बॅनरवर वेगळाच का दिसतो? फोटोशॉपमध्ये अचूक रंग कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की साडीच्या फोटोवर आयड्रॉपर, म्हणजे रंग उचलायचं टूल, टेकवला की दर क्लिकला निराळा नंबर येतो, आणि त्यातला एक धरून बॅनरची पार्श्वभूमी भरली तर ती साडीशेजारी परकी वाटते. फोटोशॉप सोडून जिम्प हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेऊ का, असंही विचारलंय. सॉफ्टवेअर बदलून काहीही होणार नाही. तुमचा आयड्रॉपर खरं तेच सांगतोय, पण तो एका ठिपक्याबद्दल, म्हणजे पिक्सेलबद्दल, बोलतोय, साडीबद्दल नाही.

टूल निवडल्यावर वरच्या पट्टीत सॅम्पल साइझ दिसेल. तिथे पॉइंट सॅम्पल असणार. ते काढा, 11 बाय 11 अ‍ॅव्हरेज करा. फोटो मोठा असेल तर 31. जिम्पमध्ये हेच काम सॅम्पल अ‍ॅव्हरेज करतं. फोनचा जेपेग फोटो जागा वाचवायला रंगाची माहिती बहुतेक वेळा निम्म्या रुंदीत आणि निम्म्या उंचीत साठवतो, म्हणजे शेजारच्या चार ठिपक्यांच्या वाट्याला मिळून एकच रंग येतो. अशा एकट्या ठिपक्यावर भरवसा ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

आणि ह्याच एका ठिपक्यावरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही इंदूरचे. भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा, माहेश्वरी साड्यांचा व्यवसाय आहे. फोटो काढणं आणि सुधारणं माझ्याकडे. एका दिवाळीआधी भाऊजींनी ठरवलं की प्रत्येक साडीबरोबर मॅचिंगचा टू बाय टूचा ब्लाउज पीस द्यायचा, आणि मॅचिंग कॉम्प्युटरवर करायचं. त्यासाठी एक डिझायनर ठेवला. पहिलीच साडी नीम रेशमी, मोरपंखी. ताणा, म्हणजे उभे धागे, निळ्या रेशमाचा, बाणा, म्हणजे आडवे धागे, हिरव्या सुताचा. अशी साडी फोटोत आठशे टक्के मोठी करून बघा. एक ठिपका निळा, त्याला लागून हिरवा, मध्ये कुठेतरी रेशमाची पांढुरकी चमक. मोरपंखी एकही ठिपका सापडत नाही, कारण तो रंग दोन धागे लांबून एकत्र दिसले की मगच तयार होतो. त्या मुलाने एक क्लिक केलं, आलेल्या रंगाचा चौकोन छापला आणि माणसाला तो कागद देऊन इथल्या सीतलामाता या कापडबाजारात कापड आणायला धाडलं.

मी म्हटलं, कागद कशाला, साडीच पाठवा. तर मला उत्तर मिळालं, "काकू, डोळा फसवतो, नंबर फसवत नाही." भाऊजींनी त्याचीच बाजू घेतली. वहिनी जुन्या पद्धतीने विचार करतात, असं चारचौघांत म्हणाले. ताके आले ते निळे. साडीवर ठेवले की ब्लाउज उसना आणल्यासारखा दिसायचा. पुण्याच्या, नागपूरच्या गिऱ्हाइकांनी फोटो काढून परत पाठवले, तरी आमच्याकडे चर्चा काय, तर त्यांच्या घरातला उजेड खराब असेल.

ह्याच बाजारात ज्या मॅचिंगवाल्याकडे मी कायम जाते, त्याचं काम एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. साडी हातात आली की तो आधी बुगडी किनार तळव्याने झाकतो, कारण जरीचं काम शेजारी असलं की अंगाचा रंग जसा आहे तसा वाचता येत नाही. मग ताक्याची घडी साडीच्या अंगाखाली सरकवतो आणि डोळे बारीक करतो, म्हणजे धागे वेगळे दिसायचे थांबतात. अकरा बाय अकराची सरासरी दुसरी काय असते? शेवटी दोन्ही कपडे माझ्या हातात देऊन सांगतो, "दीदी, बाहर उजाले में देख लो." मगच कात्री लावतो.

किनार झाकण्यामागे पक्कं शास्त्र आहे. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळी लोकर फिकी पडते अशी तिथे तक्रार होती. त्यांनी शोधलं तर काळ्या रंगात खोट नव्हती. निळ्याजांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळे तो तसा दिसत होता. 1839 मध्ये त्यांनी हे सविस्तर छापलं. तुमची बॅनरची पार्श्वभूमी परकी वाटते त्याचं बरंचसं कारण हेच आहे. शिवाय साडीत निऱ्यांची छाया-चमक असते, तुमचा भरलेला रंग सपाट असतो, आणि मोठ्या जागेत भरलेला रंग छोट्या तुकड्यापेक्षा भडक दिसतो. म्हणून माझं स्पष्ट मत: पार्श्वभूमीला साडीचाच रंग घेऊ नका. कलर पिकरमध्ये एचएसबीचे आकडे बघा, एच (रंगछटा) तोच ठेवा, एस (रंगाचा भडकपणा) चांगला खाली आणा, बी (उजळपणा) डोळ्याने ठरवा.

मात्र हे सगळं करायच्या आधी फोटो दुरुस्त हवा. दुकानात एका बाजूने खिडकी आणि वरून एलईडी असेल तर आयड्रॉपर काय करणार? फ्रेमभर एकच रंग असला की कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही चकतो. त्याला तो उजेडाचाच दोष वाटतो आणि तो रंग उलट बाजूला ढकलतो. साडीशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे निव्वळ करड्या रंगाचं कार्ड, ठेवून एक फोटो घ्या, फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये व्हाइट बॅलन्सच्या टूलने त्या कार्डावर क्लिक करा, तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावा.

नंबर अजिबात बघू नका असं मी म्हणत नाही. लोगोचा ठरलेला रंग असेल तर नंबरच टाका, तिथे डोळ्याचं काम नाही. पण नंबर एकटा अपुराच असतो. कोणत्या नंबरचा नेमका कोणता रंग हे प्रोफाइल ठरवतं; एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी ही अशीच दोन प्रोफाइल. आर (लाल) 0, जी (हिरवा) 128, बी (निळा) 128 हा एसआरजीबीत एक रंग आहे आणि अ‍ॅडोबी आरजीबीत दुसरा, जास्त गडद. आमच्या त्या डिझायनरला मी विचारलं होतं, हा नंबर कोणत्या प्रोफाइलचा? उत्तर आलं नाही, आणि भाऊजींनी विषय बदलला. तुमचा फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत असेल तर मोबाइलवर पाठवण्याआधी एडिट मेनूतून कन्व्हर्ट टू प्रोफाइल करून एसआरजीबीत आणा. शेजारचं असाइन प्रोफाइल दाबू नका, त्याने नंबर तेच राहतात आणि रंग बदलतो.

बॅनर छापायचा असेल तर आणखी एक गोष्ट. कलर पिकरमध्ये उद्गारचिन्हाचा छोटा त्रिकोण दिसला की तो रंग तुमच्या सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या, सेटिंगमध्ये बसत नाही असं समजा. मोरपंखी, राणी अशा रंगांना तो हमखास दिसतो. तिथे कितीही अचूक क्लिक करा, छापील रंग मंदच येणार. फ्लेक्सवाल्याला फाइलबरोबर साडी दाखवा आणि पूर्ण बॅनरआधी हातभर नमुना छापून घ्या. मालक म्हणतील कशाला उगाच खर्च. तरी घ्या, आणि तो नमुना त्यांनाच साडीशेजारी धरून बघायला लावा, दुकानाच्या बाहेर, दिवसा.