बालीहून ब्रोमो: रस्त्याने जरूर जा, पण त्याच रस्त्याने परत येऊ नका

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जुलैअखेर दहा दिवस बाली. सोबत पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या आई, त्या पूर्ण शाकाहारी. मधले तीन दिवस काढून रस्त्याने जावाला जायचं, ब्रोमो आणि इजेन हे दोन्ही ज्वालामुखी पाहायचे आणि बालीला परतायचं. एका एजंटने ‘दोन रात्री, तीन दिवस, बाली ते बाली’ असं गाडीचं पॅकेज दिलंय, ते घ्यावं का?

नका घेऊ. जाण्याचा बेत उत्तम आहे, पण या पॅकेजात झोप कुठे आहे ते बघा. दक्षिण बालीतून सकाळी निघून बेटाच्या पश्चिम टोकाचं गिलिमानुक बंदर, तिथून फेरीबोट, मग जावाच्या उत्तर किनाऱ्याचा ट्रकांनी भरलेला रस्ता. ब्रोमोच्या गावात पोचेपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. रात्री तीनला सूर्योदयासाठी जीप. त्याच दिवशी उलटं निघून संध्याकाळी इजेनच्या जवळ, मध्यरात्री पुन्हा उठून चढाई, खाली आलं की फेरी आणि बाली. म्हणजे लागोपाठ दोन रात्री जागरण. तुम्ही मागच्या सीटवर डुलक्या काढाल, पण ड्रायव्हरचं काय? तोही तुमच्याइतकाच जागा असतो आणि तिसऱ्या दिवशी घाट त्यालाच उतरायचा असतो. आई आणि लहान मुलगी बरोबर असताना मी हे कुणालाही सुचवणार नाही.

माझा सल्ला असा की हा प्रवास पूर्वेकडून पश्चिमेकडे एकाच दिशेने करा. बाली, मग जावाच्या पूर्व टोकाचं बान्युवांगी शहर आणि इजेन, मग ट्रेनने प्रोबोलिंगो आणि तिथून ब्रोमो, शेवटी जावातलंच मोठं शहर सुराबाया. तिथून सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे मुंबई गाठता येते. तुमचं परतीचं तिकीट बालीच्या देनपसार विमानतळावरून आहे. ते बदलून मिळत असेल तर बदला, नसेल तर सुराबाया ते देनपसार तासाभराचं विमान आहे, तेवढा खर्च सोसा. ज्या रस्त्याने आलो त्यानेच परत जाण्यात एक अख्खा दिवस आणि सगळी ताकद जाते. यात आणखी एक फायदा आहे. २०२४च्या नोव्हेंबरात आणि २०२५च्या जून-जुलैत फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची कितीतरी उड्डाणं रद्द झाली होती. हाताशी दुसरा विमानतळ असला की अशा वेळी माणूस अडकून पडत नाही.

दहा दिवसांतले पहिले चार बालीला द्या आणि त्यांतली शेवटची रात्र बेटाच्या वायव्येला, पमुतेरानला काढा. तिथून गिलिमानुक तीसेक किलोमीटर आहे. देनपसारहून थेट निघालात तर तोच रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, एका लेनीचा आणि ट्रकांच्या मागे रांगत जाणारा. पमुतेरानला समुद्र शांत आहे, समोर मेंजांगान बेट आहे आणि आईंना कुठेही घाई होणार नाही.

गिलिमानुक ते जावाच्या बाजूचं केतापांग बंदर ही फेरी चोवीस तास चालते. सामुद्रधुनी अगदी अरुंद आहे, समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो, तरी प्रवाह जोरदार असल्यामुळे पाऊण ते एक तास लागतो. बालीची गाडी गिलिमानुकलाच सोडा आणि पायी चढा. गाड्यांची रांग कधीकधी लांबलचक असते, पायी प्रवाशाला ती लागत नाही. भाड्याची स्कूटर पलीकडे न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, बहुतेक करारांत बेटाबाहेर न्यायला मनाई असते. २ जुलै २०२५च्या रात्री केतापांगहून निघालेली तुनू प्रतामा जया ही फेरी बुडाली होती, म्हणून माझा आग्रह आहे की दिवसाच जा, वरच्या उघड्या डेकवर बसा आणि चढल्याचढल्या लाइफ जॅकेट कुठे आहेत ते मुलीला दाखवून ठेवा. घड्याळाकडेही लक्ष असू द्या. जावा बालीच्या एक तास मागे आहे. इथे दहाला निघालात तर तिथे पोचाल तेव्हाही साधारण दहाच वाजलेले असतील. ट्रेनच्या वेळा जावाच्या घड्याळाने असतात.

बान्युवांगीत तीन रात्री राहा. पहिल्या रात्री नीट झोपा, दुसऱ्या रात्री इजेन.

इजेनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण लोक तिथे चुकीच्या गोष्टीमागे धावतात. पालतुदिंग या पायथ्यापासून विवराच्या कडेपर्यंत तीनेक किलोमीटरची वाट आणि सुमारे ५०० मीटर चढ आहे. वाट रुंद आहे पण मधला टप्पा चांगलाच तीव्र, आणि पायाखालची भुरभुरीत माती उतरताना घसरते. सगळ्यांना हवी असते ती निळी आग. जमिनीतून गंधकाचे वायू ६०० अंशांपर्यंतच्या तापमानाने बाहेर येतात आणि हवेशी गाठ पडताच पेटतात. ती ज्योत फक्त अंधारात दिसते, म्हणून मध्यरात्रीची धावपळ. पण ती पाहायला कडेवरून आत, विवराच्या तळाकडे, दगडांवरून उतरावं लागतं. वाऱ्याची दिशा फिरली की गंधकाचा धूर थेट अंगावर येतो, मास्क असूनही घसा जळतो आणि डोळे मिटावे लागतात. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आत उतरू नका. कुणाला दमा असेल तर कडेपर्यंत जाण्याआधीही डॉक्टरांना विचारा.

तुम्ही तिघांनी चारच्या सुमारास चढायला लागा, म्हणजे उजाडताना कडेवर असाल. आग बघायला आलेले बरेचजण नीट उजेड व्हायच्या आतच परतीला लागतात आणि खरी गोष्ट त्यांच्या हातून निसटते. खाली सुमारे एक किलोमीटर रुंदीचं हिरवट-निळं तळं आहे, जगातल्या अतितीव्र आम्लाच्या तळ्यांतलं सर्वांत मोठं. पाण्याचा सामू (पीएच) एकच्याही खाली. ऊन त्यावर पडलं की रंग दर पाच मिनिटांनी बदलतो. कठड्यापासून लांब राहा, फोटोसाठी तर अजिबात पुढे सरकू नका. २०२४च्या एप्रिलमध्ये एक पर्यटक बाई फोटो काढतानाच तोल जाऊन गेल्या.

आणि तिथले खाणकामगार. विवरात पाइप बसवलेले आहेत, त्यांतून वितळलेलं गंधक लालभडक ओघळतं आणि थंड होता होता पिवळं पडतं. ते पहारीने फोडून बांबूच्या जोडटोपल्यांत भरतात आणि ७० ते ९० किलोचं ओझं एका खांद्यावर घेऊन आधी विवरातून वर आणि मग डोंगर उतरतात. कावडीचा बांबू प्रत्येक पावलाला करकरतो, तो आवाज आधी येतो आणि माणूस नंतर दिसतो. आवाज आला की डोंगराच्या बाजूला सरकून वाट द्या. फोटो विचारून काढा आणि हातावर काही पैसे ठेवा. गंधकाची कासवं, फुलं विकत मिळतात, ती घेऊ नका. गंधक ज्वालाग्राही आहे, विमानात नेता येत नाही. पैसेच दिलेले बरे.

आईंनी बान्युवांगीच्या हॉटेलातच थांबावं. खाणकामगारांच्या ढकलगाड्या आता माणसांनाही वर नेतात, पण दोघे-तिघे धापा टाकत ओढतात आणि उतारावर ती गाडी रोखून धरायची असते. मला ते दोन्ही बाजूंनी योग्य वाटत नाही. प्रवेशासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते स्थानिक दवाखान्यात रक्तदाब वगैरे तपासून लगेच देतात, आदल्या दिवशीच करून ठेवा. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी डोंगर बंद असतो, तारीख ठरवताना कॅलेंडर बघा.

इजेनहून आल्यावर तो दिवस आराम. दुसऱ्या दिवशी केतापांग स्टेशनवरून ट्रेन. स्टेशन फेरीच्या बंदरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. प्रोबोलिंगोपर्यंत चार-पाच तास लागतात, आणि रस्त्याऐवजी ट्रेन घ्या हे मी ठासून सांगतोय ते फक्त आरामासाठी नाही. कालीबारूच्या पुढे गाडी डोंगरात शिरते, कॉफीचे मळे लागतात, बोगदे लागतात, दरीवरचे पूल लागतात. कर्जत ते लोणावळा खिडकीला नाक लावून बसणाऱ्या माणसाला हा प्रवास आवडणारच.

प्रोबोलिंगोला उतरल्यावर ब्रोमोच्या गावापर्यंतची गाडी हॉटेलकडूनच आधी ठरवून ठेवा. त्या गावाला, म्हणजे चेमोरो लावांगला जाणारी हिरवी मिनीबस स्वस्त आहे, पण भरल्याशिवाय हलत नाही, आणि आईंना तास-दोन तास ताटकळत बसवू नका. स्टँडच्या आसपास ‘शेवटची बस गेली’ म्हणून पॅकेज गळ्यात मारणारे भेटतात. गाडी ठरलेली असली की त्यांच्याशी बोलायची वेळच येत नाही.

चेमोरो लावांग हे गाव कॅल्डेराच्या, म्हणजे जुना ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खोलगट भागाच्या काठावरच, २२०० मीटरच्या आसपास आहे. इथे दोन रात्री. काठावर उभं राहिलं की खाली सुमारे दहा किलोमीटर पसरलेला राखी वाळूचा समुद्र, त्यात घड्या पडलेला बातोक डोंगर, त्याच्या शेजारी धूर सोडणारा ब्रोमो आणि मागे ३६७६ मीटरचा सेमेरू, जावातलं सर्वांत उंच शिखर. मुलीला इथे एक गोष्ट जरूर सांगा: आपण सह्याद्रीत ज्या काळ्या दगडावर चढतो तोही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि जमिनीच्या भेगांतून वाहत आलेला. इथे तीच आग आजही आतून धूर सोडते आहे.

सूर्योदय जुलैत साडेपाचच्या सुमारास होतो. सगळ्या जीपा २७७० मीटरवरच्या पनांजाकान या सूर्योदयाच्या ठिकाणी जातात आणि तिथे खांद्याला खांदा लागतो. सेरुनी पॉइंट गावाकडच्या बाजूला आहे, दृश्य त्याच तोडीचं आहे, फक्त वरच्या टोकाला पायऱ्या आहेत. आईंना त्या झेपत नसतील तर गावाच्या काठावर खुर्ची टाकून बसल्या तरी दिसायचं ते सगळं दिसतं. बाहेरच्या मोटारींना वाळूवर जाऊ देत नाहीत, तिथे स्थानिकांच्या जुन्या लँड क्रूझर चालतात. त्यांना सगळे ‘हार्डटॉप’च म्हणतात. शनिवार-रविवार सोडून जा, सुराबाया आणि मलांगची सगळी गर्दी तेव्हाच येते.

ब्रोमोच्या पायथ्याशी पुरा लुहुर पोतेन हे मंदिर आहे. आसपासचे तेंगेरी लोक हिंदू आहेत. मंदिरापासून वाळूतून चालत किंवा घोड्यावरून पायऱ्यांपर्यंत जाता येतं. मग अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर विवराची अरुंद कड. तिथे कडेवर गणपतीची मूर्ती आहे, लोक तिच्यापुढे फुलं ठेवतात. पाठीमागे विवर सतत घुमत असतं, कानाला आधी वाटतं जवळून विमान चाललंय. आईंना घोड्यावरून पायऱ्यांपर्यंत न्या. पायऱ्या चढायच्या की नाहीत हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. दरवर्षी कासदा महिन्याच्या पौर्णिमेला इथे यज्ञ कासदा होतो. तेंगेरी लोक भाजीपाला, धान्य, कोंबड्या, पैसे विवरात अर्पण करतात. त्यांच्या पंचांगाप्रमाणे तारीख सरकते, साधारण जून-जुलैत येते. तुमच्या तारखांच्या आसपास असेल तर खोली फार आधी धरा.

थंडीला हलकं घेऊ नका. बालीतून घामाघूम येणारी माणसं जुलैच्या पहाटे ब्रोमोवर पाच अंशांत चड्डी-टीशर्टवर कुडकुडताना दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये गवतावर दवही गोठतं. कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट घरूनच न्या. राख डोळ्यांत जाते, तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्सऐवजी चष्मा.

आईंच्या जेवणाची सोय होते, पण विचारावं लागतं. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या, म्हणजे पेचेल, सगळीकडे मिळतं. अडचण आहे ती सांबल या तिखट चटणीत दडलेल्या कोळंबीच्या, म्हणजे तेरासीच्या वाटणाची. ‘तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी’ एवढं फोनवर लिहून ठेवा: मांस नको, मासे नको, तेरासी नको. चेमोरो लावांगला पर्याय कमी आहेत, तिथल्यासाठी मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी बरोबर असू द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: भारतीयांना आगमनावर मिळणारा व्हिसा पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा.

निघण्याआधी आठवडाभर ‘मॅग्मा इंडोनेशिया’ हे सरकारी ॲप बघत राहा. ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार चढत्या पातळ्या असतात: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. वास्पादाला डोंगर बहुधा दुरून पाहता येतो, पण विवरापासून लांब राहायला सांगतात, आणि ते ऐकायचं. २००४च्या जूनमध्ये ब्रोमोच्या अचानक स्फोटात दोन माणसं गेली. सियागा झालं तर ब्रोमो सोडून ते दोन दिवस मलांगला काढा. प्रवास विम्यात ज्वालामुखीमुळे रद्द झालेली उड्डाणं धरलेली आहेत का, तेही वाचून घ्या.

ट्रेनचं आरक्षण ४५ दिवस आधी उघडतं, ‘ॲक्सेस बाय केएआय’ या ॲपवर पासपोर्ट नंबर टाकून होतं, आणि जुलै हा तिकडे गर्दीचा महिना आहे. म्हणून आधी ट्रेन, मग चेमोरो लावांगच्या खोल्या, बाकी सगळं त्यानंतर. नेमक्या तारखा ठरल्या की इथेच लिहा, कोणती गाडी सोयीची ते बघून सांगतो.