विकत घेतलेल्या चित्रपटाचं कुलूप काढलं तर गुन्हा होतो का?

प्रश्न: एका ॲपवरून 6 वर्षांत मी 14 चित्रपट विकत घेतले. आता कंपनीचा ईमेल आलाय, ॲप बंद होणार. पैसे परत देण्याबद्दल अवाक्षर नाही. पुण्याचा भाचा म्हणतो, प्रत काढू न देणारं चित्रपटाचं डिजिटल कुलूप सॉफ्टवेअरने काढून हार्ड डिस्कवर घेऊन देतो. सध्या भाड्याने घेतलेले 2 चित्रपटही त्यातच घेऊ म्हणतो. हा गुन्हा आहे का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर: बाई, विकत घेतलेल्या 14 चित्रपटांचं कुलूप फक्त घरी पाहण्यासाठी काढलंत, तर तेवढ्यावरून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, असं माझं मत आहे. भाड्याच्या दोघांना मात्र हात लावू नका.

2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड, एवढंच वाचून लोक घाबरतात. पण त्याच वाक्यात 'हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने' असंही आहे, आणि सगळी भिस्त त्या शब्दांवर आहे. कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप काढायला आडकाठी नाही, असं पुढचं पोटकलम सांगतं. कलम 52 खासगी वापरासाठीचा रास्त व्यवहार उल्लंघन मानत नाही, आणि 2012 पासून त्यात चित्रपटही येतात. समोरचा वकील म्हणेल, अख्खा चित्रपट उतरवून घेणं रास्त कसं? म्हणून प्रत एकच ठेवा. पावत्या आणि तो ईमेल जपून ठेवा. बहिणीला पेन ड्राइव्हवर देणं, ग्रुपवर टाकणं अजिबात नको. तिथे कलम 63 लागतं: 6 महिने ते 3 वर्षं कैद.

भाड्याचं वेगळं. मुदत संपली की पाहण्याचा हक्क संपतो. मागे उरलेली प्रत तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल.

भाच्यासाठी एक अट आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते. दुसऱ्याला कुलूप काढून देणाऱ्याने त्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवायची असते. वहीच्या एका पानावर तुमचं नाव-पत्ता, चित्रपटांची यादी, तारीख आणि कारण लिहून खाली सही करा, ते पान त्याच्याकडे राहू द्या. तो पुण्यात आहे हे बरं. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने कुलूप तोडण्यालाच मनाई आहे, हेतू चांगला असला तरी.

पण मला खरी चीड आली ती तुम्ही पाठवलेला ॲपच्या खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट मोठा करून पाहिल्यावर. ठळक बटणावर 'विकत घ्या', आणि हा नुसता परवाना आहे हे खाली फिकट, बारीक अक्षरांत! माझ्या मते ही ग्राहकाची दिशाभूल आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्हाला साताऱ्यातच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत 2 वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी कंपनीला पैसे परत मागणारं लेखी पत्र पाठवा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. आणि ॲपमधल्या खरेदीच्या यादीचे स्क्रीनशॉट आजच काढा. ॲप बंद झालं की ती यादीही दिसणार नाही.