मॉस्को विरुद्ध त्वेर: हक्क एकाचा, सनद दुसऱ्याची

प्रश्न दुहेरी आहे. मंगोलांचं जोखड मानेवर असताना रशियन राजे एक का झाले नाहीत? आणि त्वेरसारखं तगडं राज्य मागे पडून मॉस्कोच कसं वर आलं?

पहिला भाग थोडक्यात उरकतो. 'रशियन' म्हणून एक व्हावं असं त्या राजांना वाटायचं काही कारणच नव्हतं. सगळे रूरिक या मूळपुरुषाच्या एकाच घराण्यातले, त्यामुळे भांडण सख्ख्या-चुलत्यांचं. ही भाऊबंदकी बातू खानाच्या स्वारीआधीही (१२३७-४०) होतीच. नंतर फक्त निवाडा करणारा, म्हणजे मंगोल खान, व्होल्गा नदीकाठी सराय या आपल्या राजधानीत जाऊन बसला.

दुसरा भाग जास्त रंगतदार आहे. सगळ्या राजांत थोरली गादी व्लादिमीर शहराची. तिच्यावर बसायला खानाची सनद लागे, तिला यारलिक म्हणत. चौदाव्या शतकात सनद ज्याच्याकडे, त्यानेच इतर राजांकडून खंडणी वसूल करून सरायला पोचवायची. खंडणी ज्याच्या हातून जाते त्याच्या हाताला काय काय चिकटतं, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

१३०४ मध्ये ही गादी रिकामी झाली. रिवाजाने ती त्वेरच्या मिखाईल यारोस्लाविचची. मॉस्कोचा यूरी हा त्याचा चुलतपुतण्या, आणि यूरीचा बाप दानिईल व्लादिमीरच्या गादीवर न बसताच १३०३ ला वारलेला. बाप बसला नाही तर मुलाचा दावा बुडाला, असा जुना नियम. म्हणजे मॉस्कोची अख्खी शाखाच बाद! माझ्या मते सगळी मेख इथे आहे. मिखाईलला शेवटपर्यंत आपल्या हक्काचा भरवसा. यूरीला खानाच्या मर्जीखेरीज दुसरा आधारच नाही, म्हणून त्याने मर्जी राखायला जिवाचं रान केलं.

आधी सनद मिखाईललाच मिळाली. पण १३१३ मध्ये उझबेग खान झाला. यूरी त्याच्या छावणीत ठाण मांडून राहिला, त्याच्या बहिणीशी, कोंचाकाशी, लग्न केलं आणि सनद घेऊनच परतला. सोबत कावगादी नावाचा मंगोल सरदार. डिसेंबर १३१७ मध्ये बोर्तेनेवोला मिखाईलने या दोघांचा सपशेल पराभव केला, आणि हा विजयच त्याला भोवला. कोंचाका त्याच्या हाती सापडली आणि त्वेरमध्ये कैदेतच मेली. विष घातल्याची आवई उठली. पुढच्या वर्षी मिखाईलवर खानाच्या छावणीत खटला चालला: खंडणी दडवली, खानाच्या दूताशी लढला, कोंचाकाला मारलं. त्वेरकडची कथा सांगते की कावगादी फिर्यादीही होता आणि न्याय करणाऱ्यांतही बसला होता. गळ्यात लाकडी खोडा अडकवून मिखाईलला छावणीबरोबर कॉकेशसच्या बाजूला फिरवलं आणि २२ नोव्हेंबर १३१८ ला मारलं. प्रेत उघडं पडलेलं पाहून कावगादीच यूरीवर खेकसला, म्हणे, हा तुला बापासारखा ना? ही कथा त्वेरच्या बाजूची, तेव्हा मीठमसाला धरूनच वाचावी. पण मंगोल सरदाराच्या तोंडून मॉस्कोच्या राजाची लाज काढणारा तो लेखक मोठा धूर्त होता, हे मानायलाच हवं.

पुढे यूरीने त्वेरची खंडणी घेतली आणि ती सरायला न नेता नोव्हगोरोदला नेली. मिखाईलचा मुलगा दिमित्री याने चुगली केली आणि १३२२ मध्ये सनद मिळवली. १३२५ मध्ये खानाच्या छावणीत यूरी समोर येताच दिमित्रीने त्याला ठार केलं. उझबेगने दिमित्रीलाही मारलं, पण सनद दिली त्याच्याच भावाला, अलेक्सांद्रला. खानाला कोण जिंकतो याचं सुखदुःख नव्हतं. कुणी एक डोईजड होऊ नये, एवढंच पाहायचं.

आता १३२७. खानाचा नातलग चोलखान त्वेरमध्ये येऊन बसला होता. १५ ऑगस्टला सकाळी दुदको म्हणून ओळखला जाणारा एक चर्चचा सेवक आपली धष्टपुष्ट तरणी घोडी पाण्यावर व्होल्गाला नेत होता. तातारांनी, म्हणजे चोलखानाच्या मंगोल माणसांनी, ती हिसकावली. त्याने "त्वेरकरांनो, सोडू नका" अशी बोंब ठोकली, घंटा वाजल्या आणि संध्याकाळपर्यंत चोलखानासकट त्याची माणसं संपली. वाचले ते गावाबाहेर घोडे राखणारे. ते भरधाव सुटले ते थेट मॉस्कोकडे, आणि तिथून खानाकडे.

यूरीचा भाऊ इवान कालिता याने संधी सोडली नाही. मंगोल फौज घेऊन तो त्वेरवर आला आणि प्रांत बेचिराख केला. अलेक्सांद्र प्स्कोवला पळाला, तर रशियन चर्चचा धर्मप्रमुख थेओग्नोस्त याने त्याला आसरा देणाऱ्या प्स्कोवलाच बहिष्कृत केलं. धर्मपीठ तोवर मॉस्कोकडे झुकलं होतं, आणि माझ्या हिशेबी ते फौजेइतकंच उपयोगी पडलं. १३३९ मध्ये अलेक्सांद्र आणि त्याचा मुलगा फ्योदोर यांनाही खानाच्या छावणीत मारलं. त्यानंतर त्वेरची मोठी घंटा कालिताने मॉस्कोला नेली.

त्वेर लगेच संपलं नाही. लिथुआनियाच्या मदतीने ते १३७५ पर्यंत झुंजलं आणि मॉस्कोने ते गिळलं ते थेट १४८५ मध्ये. पण दाव्याचा निकाल आधीच लागला होता. कालिताचा नातू दिमित्री दोन्स्कोय याने १३८९ च्या मृत्युपत्रात व्लादिमीरची गादी, खानाला न विचारता, 'वडिलोपार्जित' म्हणून मुलाच्या नावे केली.