कल्ल्यांवरील परजीवी कसे ओळखावेत?

प्रश्न : आमच्या शेततळ्यातील कटला मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. त्यांच्या कल्ल्यांचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता हालचाल करणारे बारीक जीव दिसले. ते कोणते असावेत?

उत्तर : प्रथम नमुन्याविषयी. मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला असावा, कारण मासा मेल्यावर अनेक परजीवी लवकरच कल्ले सोडतात किंवा मरतात. कल्ल्याच्या काही तंतूंवर तळ्याचेच पाणी घालावे, क्लोरीनयुक्त नळाचे नव्हे.

शंभरपट वर्धनाखाली अळीसारखा, आखडणारा व लांबणारा जीव दिसला, तर त्याचे डोके पाहावे. चार काळे नेत्रबिंदू आणि मागच्या टोकाला आकडे असतील, तर तो बहुधा डॅक्टिलोगायरस होय. नेत्रबिंदू नसून शरीरात आकड्यांसह वाढणारे पिलू दिसत असेल, तर तो गायरोडॅक्टिलस होय. माझ्या मते हा भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिला अंडी घालतो आणि अंड्यांवर औषधाचा परिणाम फारसा होत नसल्याने उपचार पुन्हा करावा लागतो.

बशीसारखा गोल, गरगर फिरणारा आणि आत दातेरी वलय असलेला जीव ट्रायकोडिना असतो. मिक्झोबोलस या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू मात्र हलत नाहीत. चारशेपट वर्धनाखाली त्यांच्या एका टोकाला दोन थेंबाकार कोश दिसतात.

औषधापूर्वी पहाटे पाण्यातील विरघळलेला प्राणवायू अवश्य मोजावा, कारण त्याच्या कमतरतेनेही मासे असेच धापा टाकतात.