प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहताना

श्रद्धेच्या वाटेवर तुम्ही नवीन आहात, त्यामुळे अंतकाळाच्या तारखा सांगणारे संदेश तुमच्यापर्यंत वारंवार पोहोचतील. ते बाजूला ठेवा, कारण तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभू येशूनेच मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात सांगितले आहे. मीही सुरुवातीची काही वर्षे चिन्हे मोजण्यात घालवली आणि त्या काळात माझी प्रार्थना भीतीने कोरडी पडली होती.

तयारीचा खरा आरंभ, माझ्या मते, रात्रीच्या आत्मपरीक्षणात आहे: झोपण्यापूर्वी दिवसभरातील शब्द आणि कृती प्रभूसमोर ठेवा, आणि ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याचे नाव टाळू नका. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या, आज्ञेनुसार वर्षातून किमान एकदा पापांगिकार, म्हणजे धर्मगुरूंसमोर पापांची कबुली, करणे बंधनकारक आहे, परंतु तुम्ही दर महिन्याची सवय लावून घ्या. पुढच्याच, 25व्या अध्यायात, वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारिकांच्या दाखल्यात, दिव्यांसाठी पुरेसे तेल न आणलेल्या पाच कुमारिकांना आपल्या मैत्रिणींचे तेल मिळाले नाही, कारण तयारी उसनी घेता येत नाही; आणि न्यायाच्या वेळी राजा भुकेल्याला दिलेल्या अन्नाविषयी व आजाऱ्याच्या घेतलेल्या समाचाराविषयी बोलतो. म्हणून तुमच्या ओळखीतील एखाद्या आजारी माणसाकडे याच आठवड्यात जा आणि त्याच्यापाशी थोडा वेळ बसा.